वाचकांचे प्रश्न : पगारपत्रक, उधारी आणि तारखा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या : वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता. या अंकातली बहुतेक पत्रे त्यावरच आहेत. उधारी आणि अंतर्गत समिती (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी) यांबद्दलची दोन पत्रे त्या बाहेरची आहेत, पण त्यांतली अडचण महत्त्वाची असल्याने तीही घेतली आहेत. ज्या मुद्द्यांवर संहितेखालचे नवे नियम अजून आलेले नाहीत, तिथे जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेवढ्यापुरते चालू राहतात, हे पुढची उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावे.

आमच्या कारखान्यात २८ कामगार आहेत. नमुन्यादाखल एकाचा पगार २४,००० रुपये : मूळ पगार ८,०००, घरभाडे भत्ता ६,०००, प्रवास भत्ता २,००० आणि विशेष भत्ता ८,०००. आमचे हिशेबनीस म्हणतात, मूळ पगार १२,००० करा, विशेष भत्ता ४,००० वर आणा, की नव्या कायद्याचे काम झाले. एवढे पुरेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

नाही. तुमच्या हिशेबनिसांनी सुचवलेल्या बदलाने काहीच बदलत नाही, आणि ते का हे समजून घेण्यासारखे आहे.

‘मूळ पगार निम्मा हवा’ असे वेतन संहितेत कुठेही लिहिलेले नाही. संहिता ‘वेतना’ची व्याख्या करते. कामाबद्दल पैशात मिळणारे सगळे आधी वेतनात धरायचे, मग कायद्याने दिलेल्या यादीतल्या बाबी वगळायच्या. त्या यादीत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, मालकाचा पीएफचा हिस्सा, ओव्हरटाइम, कमिशन, कामाच्या स्वरूपामुळे होणारा खास खर्च, कराराबाहेरचा बोनस अशा बाबी आहेत. या वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीची रक्कम पुन्हा वेतनात येते. ग्रॅच्युइटी आणि कामगारकपातीची भरपाई याही वगळलेल्या आहेत, पण त्या या निम्म्याच्या हिशेबात धरत नाहीत.

आता तुमचा पगार घ्या. यादीत ‘विशेष भत्ता’ नावाची बाब नाही. म्हणून मूळ पगार ८,००० आणि विशेष भत्ता ८,००० मिळून वेतन १६,००० झाले. वगळलेले घरभाडे आणि प्रवास मिळून ८,०००. त्यात मालकाचा १,८०० चा पीएफ हिस्सा (पीएफच्या १५,००० च्या वेतनमर्यादेवर १२ टक्के) मिळवला तरी २५,८०० पैकी ९,८००, म्हणजे निम्म्याखालीच. मूळ पगार १२,००० आणि विशेष भत्ता ४,००० केला तरी बेरीज तीच १६,०००. भत्त्याचे नाव बदलून सुटका होत नाही, कारण व्याख्या पैसे कशाबद्दल दिले ते पाहते.

निम्म्याचा नियम खरा लागतो तो वेगळ्या रचनेला. समजा एकूण ३०,००० आहेत : मूळ १०,०००, घरभाडे १२,०००, प्रवास ८,०००. (सोपे जावे म्हणून पीएफचा हिस्सा इथे धरलेला नाही.) वगळलेले २०,००० होतात, मर्यादा १५,०००. वरचे ५,००० वेतनात परत आले आणि वेतन १५,००० झाले.

परिणाम कुठे दिसतो? सर्वांत जास्त ग्रॅच्युइटीत. हिशेब असा : शेवटचे मासिक वेतन × १५ ÷ २६ × सेवेची वर्षे. तुमच्याकडे १२ वर्षे काढलेला कामगार ८,००० धरून ५५,३८५ रुपये घेऊन गेला असता. १६,००० धरून ती रक्कम १,१०,७६९ होते. शेवटच्या वेतनावर पूर्ण सेवेचा हिशेब होतो, म्हणून मागच्या वर्षांचा बोजाही एका फटक्यात वाढतो. २८ जणांची यादी करून प्रत्येकासमोर हा आकडा आजच लिहून काढा. ज्यांनी विमा कंपनीकडे ग्रॅच्युइटीचा फंड ठेवला आहे त्यांनी नव्या वेतनाची यादी तिकडे पाठवावी, नाहीतर फंड अपुरा असल्याचे माणूस निवृत्त होताना कळते.

पीएफचे म्हणाल, तर विशेष भत्त्याचा प्रश्न संहितेच्या आधीच सुटलेला आहे. सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता हा मूळ वेतनाचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितले. तुम्ही ८,००० वर १२ टक्के, म्हणजे ९६० भरत असाल, तर ते चूक आहे. १५,००० च्या मर्यादेवर १,८०० व्हायला हवेत, दोन्ही बाजूंनी. कामगाराच्या हातात येणारे पैसे महिन्याला ८४० ने कमी होतील, हे त्याला आधी समजावून सांगा. जे आधीपासून १५,००० वर पीएफ भरतात त्यांच्या कामगारांच्या हातातला पगार या व्याख्येमुळे कमी होत नाही.

आणि एक विनंतीवजा सूचना. वाढलेला खर्च भरून काढण्यासाठी एकूण पगार गुपचूप कमी करू नका. वेतन किंवा भत्ते कामगाराच्या तोट्याचे ठरतील असे बदलायचे तर औद्योगिक संबंध संहितेखाली आधी नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीनंतर २१ दिवस बदल करता येत नाही. नोटीस न देता केलेला बदल वादात टिकत नाही, आणि फरकाची रक्कम मागच्या तारखेपासून द्यावी लागते.

काम सोडलेल्या माणसाचा हिशेब आम्ही नेहमी पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर करतो. आता दोन दिवसांत करायचा म्हणे. प्रत्यक्षात हे जमणार कसे?
– एका पॅकेजिंग कारखान्याचे व्यवस्थापक, नाशिक

जमवावे लागेल. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा, बडतर्फी, कामगारकपात किंवा कारखाना बंद होणे, यांपैकी काहीही घडले तरी देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. जुन्या कायद्यात ही घाई मुख्यतः मालकाने काढून टाकलेल्या माणसापुरती होती. आता स्वतः राजीनामा देणाराही त्यात आला.

उशीर होतो तो आकडेमोडीमुळे नव्हे. स्टोअर, कँटीन, ॲडव्हान्स, हजेरी अशा चार टेबलांवरून ‘काही बाकी नाही’ अशी सही यायला आठवडा जातो. म्हणून क्रम उलटा करा. राजीनामा आला की त्याच दिवशी चारही ठिकाणी निरोप जाऊ द्या आणि शेवटच्या कामाच्या दिवसाच्या तीन दिवस आधी सगळ्या सह्या हातात घ्या. शेवटच्या दिवशी फक्त ओळखपत्र, हत्यारे, मोबाइल किंवा लॅपटॉप यांची परत पावती उरली पाहिजे. न सांगता निघून जाणाऱ्या माणसाबाबत ही तयारी शक्य नसते. त्याच्या नोंदवलेल्या पत्त्यावर हजर होण्याची नोटीस पाठवा आणि ती पाठवल्याची पोच जपून ठेवा. नाव कोणत्या तारखेला कमी केले हे ठरवणारा कागद तोच असतो.

कपातींवर दोन बंधने आहेत. एका वेतन काळातली एकूण कपात त्या वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नये. मालाचे किंवा यंत्राचे नुकसान कापायचे असेल तर आधी त्या माणसाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, लेखी. नोटिशीच्या काळाचा पगार वळता करण्याचे कलम नियुक्तीपत्रात नसेल तर तो विषयच सोडा. मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी अजून दिसते; तिला कोणताही कायदेशीर आधार नाही आणि ती माणसाचे पुढचे काम अडवते, म्हणून ती आजच बंद झाली पाहिजे.

ग्रॅच्युइटी या दोन दिवसांत येत नाही. तिला देय झाल्यापासून ३० दिवस आहेत, त्यानंतर व्याज लागते. दोन्हींचे हिशेब वेगळ्या कागदांवर करा. ग्रॅच्युइटीचा आकडा ठरला नाही म्हणून पगार थांबवणे ही नेहमीची चूक आहे.

‘पैसे दिले’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम ५९ ने मालकावर टाकली आहे, आणि दावा तीन वर्षांपर्यंत दाखल करता येतो. प्राधिकरण थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकते. तेव्हा रोख देऊन कच्च्या वहीवर सही घेण्याचे दिवस संपले असे समजा. बँकेतून द्या आणि पावतीवर प्रत्येक बाब वेगळी दाखवा.

आम्ही कामगारांशी ११ महिन्यांचा करार करतो, एक आठवडा खंड देतो आणि पुन्हा ११ महिने. ग्रॅच्युइटी लागू नये हा उद्देश. हे आता चालेल का?
– एक लघुउद्योजक, छत्रपती संभाजीनगर

पूर्वीही हे खात्रीने चालत नव्हते. काम तेच, यंत्र तेच, माणूस तोच, आणि मध्ये मालकाने ठरवून दिलेला आठवडा; असा खंड न्यायालये बहुतेक वेळा सेवेतला खंड मानत नाहीत.

संहितेने या पद्धतीतला फायदाही काढून घेतला आहे. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता कायम कामगाराइतकेच कामाचे तास, वेतन, भत्ते आणि इतर लाभ द्यायचे आहेत, आणि त्याच्या ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट नाही. एक वर्ष भरले की सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी. १६,००० वेतनावर दर वर्षी सुमारे ९,२३१ रुपये. हा आकडा दर महिन्याला ७६९ पडतो. तो खर्चात धरून मालाची किंमत ठरवा आणि करार कामाच्या खऱ्या मुदतीचा करा. दोन वर्षांची ऑर्डर असेल तर दोन वर्षांचा लेखी करार, त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख. मुदत संपली म्हणून काम थांबले तर ती कामगारकपात ठरत नाही, हा मालकाला मिळालेला खरा फायदा आहे. ११ महिन्यांच्या साखळीत तो हातचा जातो.

‘मग सगळ्यांना सल्लागार दाखवू’ असा पुढचा प्रश्न काहींनी विचारला आहे. रोज आठ तास, तुमच्या यंत्रावर, तुमच्या सुपरवायझरच्या हुकमाखाली काम करणारा माणूस बिल देऊन पैसे घेतो म्हणून सल्लागार होत नाही.

पुरवठादारांची बिले आम्ही ९० दिवसांनी देतो, तसा लेखी करारही आहे. करसल्लागार म्हणतात, मार्चअखेर थकलेली बिले खर्चात धरता येणार नाहीत. करार असूनही?
– एक भागीदार, इंजिनिअरिंग फर्म, कोल्हापूर

करार असूनही. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली तर पैसे देण्याची मुदत एमएसएमईडी कायद्याच्या (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा) कलम १५ ने बांधलेली आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवस. असेल तर करारातली मुदत, पण कमाल ४५ दिवस. ९० दिवसांचे कलम ४५ दिवसांपर्यंतच जिवंत आहे. आयकर कायद्याच्या कलम ४३बी मधला ‘एच’ हा खंड आकारणी वर्ष २०२४-२५ पासून या मुदतीला जोडला गेला : मुदतीबाहेर राहिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्च म्हणून धरली जाईल. कलम ४३बी च्या जुन्या बाबींत विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंत पैसे भरले की सूट मिळायची, ती या खंडाला नाही. अनेक जण इथेच फसले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलतील, म्हणून करारात किंवा पत्रव्यवहारात नुसता जुना क्रमांक घालू नका.

तारखा मोजण्याची पद्धत उदाहरणांनी पाहा. लेखी करार आहे असे धरू.

माल १० फेब्रुवारी २०२६ ला उतरला. ४५ दिवस २७ मार्चला संपले. पैसे ५ एप्रिलला दिले. खर्च २०२५-२६ मध्ये मिळणार नाही, पुढच्या वर्षी मिळेल.

माल २५ फेब्रुवारीला उतरला. मुदत ११ एप्रिलपर्यंत. पैसे १० एप्रिलला दिले तर खर्च २०२५-२६ मध्येच मिळतो, कारण मुदत पाळली गेली. तेच २० एप्रिलला दिले तर मिळत नाही. म्हणजे ‘३१ मार्चला थकलेले सगळे गेले’ हा समजही चुकीचाच.

मोजणी बिलाच्या तारखेपासून करू नका. माल प्रत्यक्ष हातात आल्याच्या दिवसापासून ती सुरू होते. मालात खोट असेल आणि तुम्ही डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी तक्रार केलीत, तर पुरवठादाराने ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजणी होते. फोनवर केलेली तक्रार यात धरली जात नाही. म्हणून गेटवरच्या आवक नोंदीची तारीख आणि नापसंतीचा कागद या दोन गोष्टी तुमच्या स्टोअरकीपरच्या हाती आहेत, आणि करही त्यांवरच ठरतो. त्याला हे सांगून ठेवा.

सगळेच पुरवठादार यात येत नाहीत. प्रत्येकाकडून उद्यम नोंदणीचे (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र मागवा आणि दोन रकाने पाहा. पहिला, वर्ग : सूक्ष्म किंवा लघु असेल तरच हा नियम, मध्यम असेल तर नाही. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत : सूक्ष्मसाठी गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघुसाठी २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत. मागच्या वर्षी मध्यम असलेला पुरवठादार आता लघु झालेला असू शकतो, तेव्हा प्रमाणपत्र दर वर्षी नव्याने मागा. दुसरा रकाना, व्यवसायाचे स्वरूप : उत्पादन किंवा सेवा असेल तर लागू, निव्वळ व्यापारी असेल तर नाही, कारण व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी प्राधान्यक्षेत्र कर्जापुरतीच आहे. टॅलीत पुरवठादाराच्या नावापुढे हे दोन्ही लिहून ठेवले की मार्चमधली धावपळ टळते.

करापेक्षा व्याज जड पडते. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढीने. बँक दर ६ टक्के धरला तर ते १८ टक्के होते, आणि हे व्याज कधीच खर्चात धरता येत नाही. पुरवठादार थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे गेला आणि निकाल तुमच्या विरोधात लागला, तर तो रद्द करून मागण्यासाठी आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तुमची फर्म भागीदारी आहे, म्हणून थकलेल्या बिलांची माहिती देण्याचा दर सहामाहीचा एमएसएमई-१ फॉर्म तुम्हाला नाही. कंपन्यांनी ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर या तारखा पाळायच्या आहेत.

माझे मत विचाराल तर ४५ दिवसांची शिस्त मोठ्यांनी आधी पाळायला हवी. लहान कारखाना बुडतो तो तोट्यापेक्षा अडकलेल्या पैशांमुळे. तुमचे स्वतःचे उद्यम प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. तुमच्या ग्राहकालाही हाच नियम लागतो.

आमच्याकडे ११ कायम कर्मचारी, ३ कंत्राटी आणि त्यांत एकूण २ महिला आहेत. वरिष्ठ महिला कोणीच नाही. अंतर्गत समिती कशी करायची?
– एका सेवा कंपनीचे संचालक, ठाणे

दहा किंवा जास्त माणसे असली की समिती लागते, आणि हा १० चा आकडा मोजताना कंत्राटी, हंगामी, प्रशिक्षणार्थी सगळे धरतात, म्हणजे तुमच्याकडे १४ आहेत आणि समिती सक्तीची आहे. वरिष्ठ महिला नसेल तर अध्यक्ष तुमच्या दुसऱ्या शाखेतून, तीही नसेल तर दुसऱ्या संस्थेतून नेमता येते. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यातच ही सोय आहे. अध्यक्षांखेरीज किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतून आणि एक बाहेरचा सदस्य, जो महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाचा जाणकार असेल. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. मुदत कमाल तीन वर्षे. कंपनीचे नेहमीचे वकील बाहेरचे सदस्य म्हणून बसवणे टाळा. तटस्थपणावर पहिला आक्षेप तिथेच येतो.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांत घेता येते. आलेल्या तक्रारीची प्रत सात कामाच्या दिवसांत समोरच्याला, त्याचे उत्तर दहा कामाच्या दिवसांत, चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि मालकाची कार्यवाही ६० दिवसांत. बैठकीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हवेत. तक्रारदार स्त्रीने मागितला तरच समेट, आणि त्यात पैशांची देवघेव आधार म्हणून चालत नाही. अनेक चौकश्या आशयापेक्षा या तारखा चुकल्याने आणि साक्षीची प्रत न दिल्याने कोसळतात, आणि त्याची किंमत तक्रार करणारी बाई मोजते.

समिती नसल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा घडल्यास दुप्पट. तुम्ही कंपनी आहात, तेव्हा १४ जुलै २०२५ पासूनचा बदलही पाहा : संचालक मंडळाच्या अहवालात वर्षभरात आलेल्या, निकाली निघालेल्या आणि ९० दिवसांहून जास्त रखडलेल्या तक्रारींची संख्या द्यायची आहे. तक्रार आली नसेल तर ‘शून्य’ लिहा, रकाना रिकामा सोडू नका.

दहा-पंधरा वर्षे कामावर असलेल्यांनाही नियुक्तीपत्र द्यायचे का?
– एक वाचक, सांगली

हो. दहा किंवा जास्त कामगार असतील तर ज्यांना आधी दिले नव्हते त्यांना सुरक्षितता संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचे होते. राहिले असेल तर आजची तारीख घालून द्या, पण ‘सेवेची सुरुवात’ या ओळीत खरी जुनी तारीखच लिहा. नवी तारीख घातली तर पीएफच्या नोंदी आणि पत्र यांत फरक दिसतो, आणि ग्रॅच्युइटीच्या वादात तो फरक मालकाच्याच विरोधात जातो.